चौदावी टिक

२१ सप्टेंबर, रविवार

डावा हात प्लास्टरमध्ये आहे. उजवा शाबूत आहे म्हणून लिहितोय. कपाळाला तीन टाके. एवढंच मला झालं.

दीक्षा अजून शुद्धीवर नाही. हरिदासची पोरगी. हरिदास माझा तीस वर्षांचा मित्र, उरल्याच्या रोलिंग मिलमधून गेल्या वर्षी रिटायर झाला. पोरीला शाळेत नोकरी लागली म्हणून मीच म्हटलं होतं — चल, तुला विमानातून फिरवतो. बक्षीस!

सकाळी सात दहाला उडालो. आमच्या फ्लाइंग क्लबचं दोन माणसांचं छोटं विमान, शेजारी शेजारी बसायचं, पाठीमागे पेट्रोलची टाकी. आभाळ धुतल्यासारखं होतं. उडण्याआधी ती सीटवर बसून मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढत होती, बापाला दाखवायला. वर गेल्यावर उरल्याच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसल्या तेव्हा म्हणाली, "काका, वो हमारा बीरगांव है ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर दोन मिनिटांत इंजिन आचके द्यायला लागलं आणि बंद पडलं.

धानाच्या शेतात उतरवलं. चांगलंच उतरवलं होतं. पण चिखलात पुढचं चाक बांधावर आदळलं आणि विमान तिच्या बाजूवर उलटलं.

तिला बाहेर काढलं. गावातली माणसं धावत आली. मग मी एक गोष्ट केली, ती कोणालाच माहीत नाही. टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत गेली.

टाकीत पेट्रोल अर्ध्याच्या वर होतं. झाकणाला हवेचं बारीक भोक असतं, ते शेंदराने बुजलं होतं. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली येईना. इतकं सोपं. झाकण खिशात टाकलं. कशाला टाकलं ते सांगता येणार नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांनी टोचून पाहिलं. दीक्षाचे पाय हलत नाहीत.

२३ सप्टेंबर, मंगळवार

समता कॉलनीतल्या दवाखान्यात गेलो. बायको सरिता सोबत होती, मला एकट्याला जाऊ देत नाही. दीक्षा सकाळी शुद्धीवर आली आहे. आत सोडलं नाही. डॉक्टरांनी मणक्याचा फोटो दाखवला, बरंच काही सांगितलं. शेवटी म्हणाले, आशा ठेवा. आशा कशावर ठेवायची ते बोलले नाहीत.

हरिदास बाहेर बाकावर बसला होता. मला पाहून सरकला, जागा करून दिली. मी बसलो. म्हणाला, "तुले लय लागलं काय रे?"

मला! त्याची पोरगी आत तशी पडलेली आणि तो माझ्या टाक्यांची चौकशी करतो. मी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, "इंजिनच बंद पडलं प्रताप, तू काय करशीन." माझ्याकडे बघत होता. मी फरशीकडे बघत होतो.

२४ सप्टेंबर, बुधवार

रजा टाकली आहे. घरात बसून तोच एक मिनिट फिरून फिरून येतो.

सतरा तारखेला विश्वकर्मा पूजा झाली. अख्ख्या उरल्यात त्या दिवशी कोणी हत्याराला हात लावत नाही, आमच्या क्लबातही नाही. सुशील आमचा मेकॅनिक, इथलाच. त्याने विमान धुतलं, हार घातला, नारळ फोडला. तुपात कालवलेल्या शेंदराचा टिळा पंख्याला, इंजिनला, टाकीच्या झाकणाला. मी नेहमीसारखा बाजूला उभा होतो. हात जोडले नाहीत, बुंदी घेतली. हे सगळ्यांना सवयीचं आहे.

गेल्या वर्षी मी तपासणी करताना झाकणावरचा टिळा रुमालाने पुसला होता. सुशील धावत आला, "झन छुव भैया, झन छुव!" त्यांच्या बोलीत, हात लावू नका म्हणून. तोवर पुसून झालं होतं. तो पंधरा दिवस बोलला नाही. आणि क्लबातले एक मेंबर चहा पिता पिता हसून म्हणाले, "अरे छोड़ो, आप लोग तो मानते ही नहीं." 'आप लोग'. बस्स, तेवढंच. चहा गिळला आणि घरी आलो.

म्हणून या वर्षी, रविवारी उडण्याआधी तपासणी करताना, झाकणापाशी हात पुढे नेला आणि मागे घेतला. नको तो वाद, म्हटलं. पोरीसमोर कोणी पुन्हा 'आप लोग' म्हणायला नको.

तपासणीच्या यादीत एकतीस मुद्दे असतात. चौदावा — टाकीचं झाकण, हवेचं भोक मोकळं. मी टिक केली.

सत्तावीस वर्षं रेल्वेत सिग्नलची कामं करतो. हाताखालच्या पोरांना ओरडून सांगतो, हात लावल्याशिवाय टिक नाही. माझी टिंगल करतात ती पोरं त्या वाक्यावरून.

२५ सप्टेंबर, गुरुवार

हरिदास आज घरी आला. डबा घेऊन! त्याच्या घरी वांग्याची भाजी केली होती, तुला आवडते म्हणाला. बीरगांवहून दवाखान्यात जाताना वाट वाकडी करून आला. बसला, पाणी प्यायला. सरिता आत गेल्यावर म्हणाला, "काई बोलाचं हाय काय तुले?"

नाही म्हटलं.

"मंग जेवून घे."

भाजी खाल्ली. चांगली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आजही आला. पिठलं. पुन्हा तेच, "मन हलकं कर ना बाप्पा, काहून असा बसून राहिला?" मी म्हटलं, झोप नाही म्हणून. त्याने मान हलवली.

त्याचा चांगुलपणा मला सहन होत नाही. त्याने एकदा शिव्या द्याव्यात, कॉलर धरावी. झाकण कपाटात मफलरच्या खाली ठेवलंय. तो खुर्चीवर बसतो तेव्हा कपाट त्याच्या पाठीमागेच असतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

डाळ आणि पोळी. "काई बोलाचं हाय काय?" नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

क्लबचे शेठ आले होते. सोफ्यावर बसून फार गोड बोलले. उद्या चौकशीवाले साहेब येणार, लेखी जबाब घेणार. "सीधा लिखिए, इंजन अचानक बंद हुआ. सब चेक किया था." मी विचारलं, मग इंजिन का बंद पडलं म्हणून विचारतील. म्हणाले, "वो मेंटेनेंस का मामला है. सुशील देखेगा."

म्हणजे सुशीलच्या गळ्यात.

खरं सांगितलं तरी सुशीलचा टिळा निघतोच. आणि माझ्यासारख्याने पूजेवर बोट ठेवलं असं होईल, ते वेगळंच. अशी मनाची समजूत घालून पाहिली. पण टिळा कोणीही लावो, उडण्याआधी शेवटचा हात पायलटचा असतो. शेजारच्या सीटवर बसणारा माणूस त्या एका हातावर विश्वास ठेवून बसतो. दुसरं काय असतं त्याच्याकडे? दीक्षाने तर पट्टा कसा लावायचा तेही मलाच विचारलं होतं.

हरिदास संध्याकाळी आला. जास्त वेळ बसला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, "उद्या जबाब हाय म्हणते तुया." त्याला कसं कळलं कोण जाणे. मी हो म्हटलं. त्याने माझ्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

२९ सप्टेंबर, सोमवार

सही केली. 'सर्व मुद्दे तपासले. इंजिन अचानक बंद.' इंग्रजीत, दोन पानं. साहेबांनी झाकणाचं विचारलं, सापडत नाही म्हणाले. मी म्हटलं, चिखलात पडलं असेल. तोंडातून इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं.

शेठने एक प्रत हरिदासला दिली, दवाखान्याच्या कागदांना लागते म्हणून.

३० सप्टेंबर, मंगळवार

सुशीलला कामावरून काढलं.

हरिदास आला नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

आजही आला नाही. फोन केला. "पोट्टीजवळ हाओ," म्हणाला आणि ठेवला. थकला असेल. किती दिवस धावणार, साठी उलटली त्याची.

सरिता म्हणते, तुम्ही जेवत का नाही. सांगू का तिला? काय सांगू?

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. धम्मचक्र प्रवर्तन दिन. दरवर्षी मी आणि हरिदास आदल्या रात्रीच्या गाडीने नागपूरला जातो. या वर्षी कोण जाणार. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, विहारात गेलो, मागच्या रांगेत बसलो. पंचशील सुरू झालं. तीन म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे माझं तोंड उघडेना. शेजारचा म्हातारा माझ्याकडे पाहायला लागला. उठून बाहेर आलो, चपला न घालताच चार पावलं गेलो.

बाबासाहेबांच्या फोटोसमोर नुसता उभा राहणारा माणूस मी नाही, असं आजवर समजत होतो.

घरी येऊन झाकण काढलं. शेंदूर वाळून कडक झालाय. टाचणीने टोचून पाहिलं, एका टोच्यात भोक मोकळं झालं. दुसऱ्या टोच्याची गरज पडली नाही. मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. सरिता आली. तिला सगळं सांगितलं. ती समोर बसली. मग म्हणाली, "उद्या द्या नेऊन."

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिलं. झाकण दिलं, नवा जबाब दिला, मराठीतून लिहिला, खाली भाषांतर त्यांनी करून घेतलं. चौदाव्या मुद्द्यावरची टिक खोटी होती, झाकण मीच लपवलं, टोचलंही मीच, सुशीलचा दोष नाही. साहेबांनी दोनदा विचारलं, "आप समझ रहे हैं ना, इसका क्या होगा?" समजतंय म्हटलं. लायसन्स जाईल. केस होईल. नोकरीचं माहीत नाही.

बाहेर येऊन सुशीलला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मोला कहे रहितेव त मैं खुदे पोंछ देतेंव भैया." नुसतं मला सांगायचं होतं, मीच पुसून दिलं असतं.

नुसतं सांगायचं होतं! वर्षभर मनात काय काय घेऊन फिरलो आणि तो पुसून देणार होता.

दीक्षाचे पाय परत येत नाहीत याने. तरी आज बऱ्याच दिवसांनी जेवलो. आता हरिदासला सांगायचं. तो माणूस समजून घेईल. आजवर कधी त्याने समजून घेतलं नाही असं झालं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

दवाखान्यात गेलो. हरिदास खाली औषधं आणायला गेला होता, म्हणून आधी दीक्षाला सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. म्हणाली, "मालूम है काका. मेरे वीडियो में पीछे आप दिख रहे हो. हाथ आगे किया, फिर खींच लिया."

मी विचारलं, बाबांना?

"जिस दिन होश आया, उसी दिन दिखाया था. पप्पा बोले किसी को मत बताना, प्रताप सोताहूनच सांगन. रोज आपके यहाँ से आते तो मैं पूछती, बोले क्या? पप्पा बोलते, आज नाही." तिने चादर वर ओढली. "फिर वो कागज आया. पप्पा को इंग्लिश नहीं आती. मैंने ही पढ़के सुनाया."

बाहेर आलो. हरिदास बाकावर बसला होता, मांडीवर औषधांची पिशवी. नवा जबाब दिला म्हणून त्याला सांगितलं. त्याने ऐकलं. मी उभाच होतो. तो सरकला नाही.