देव रुसतो, असं मी शिकवलं

दादा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि वडिलांना म्हणून पहिलं पत्र मी आज लिहायला बसले आहे. किराण्याच्या वहीची मागची पानं कोरी होती, वाया कशाला घालवायची, म्हणून त्यांच्यावरच लिहिते. दुपार आहे. ओसरीवर माझी नात आणि गल्लीतली पाच-सहा पोरं मेथी खुडत बसलीत, त्यांचा कालवा इथपर्यंत येतो आहे.

तुम्ही मला भाजी खायला शिकवलं ते ताटावर बसवून नाही. बोरीच्या शेतात हरभऱ्याच्या तासातून मला पुढे घालून चालायचे आणि म्हणायचे, शेंडा खुड, बूड हलवू नको. बोटाला लागलेली आंबट आंब चाटायला लावायचे. मग घरी आई तीच भाजी कण्या घालून शिजवायची, आणि ही माझी भाजी म्हणून मी दोनदा मागून घ्यायची. तुमच्या गळ्यात माळ होती, मटणाला तुम्ही कधी शिवला नाहीत. पण आम्हा लेकरांना 'ते खाऊ नका' असं तुम्ही म्हणाल्याचं मला तरी आठवत नाही. आम्हाला ते नकोसं झालं ते तुमच्याकडे बघून.

एकच दिवस तुम्ही माझ्यावर रागावलात, तोही न बोलता. मी तिसरीत असेन. ओढ्यापलीकडे माझी मैत्रीण राहायची, तिचे वडील आपल्या शेतावर कामाला यायचे. तिला बोलवायला गेले तर तिची आई चुलीवर सुकट भाजत होती. मी दारातूनच नाकाला फ्रॉक लावला आणि म्हणाले, शी, तुमच्या घरात घाण वास येतो. घरी येऊन हे मी हसत हसत सांगितलं. तुम्ही जोडे पायात घातले, माझा हात धरला आणि मला परत तिथेच नेलं. मला वाटलं आता माफी मागायला लावतात. तुम्ही अंगणात बसलात आणि तिच्या आईला म्हणालात, "वहिनी, भूक लागलीय, भाकर घाला." त्या माऊलीनं पदराला हात पुसले. मग तिनं जर्मनच्या ताटलीत भाकरी आणि चटणी आणली. तुम्ही भाकरी मोडली आणि अर्धी माझ्या हातात दिली. येताना ओढ्यात एवढंच म्हणालात, "आपलं खाणं आपल्या ताटापुरतं. दुसऱ्याच्या ताटात डोकवायचं न्हाई." घरी आईनं तुमच्या अंघोळीला पाणी तापत ठेवलं होतं. तुम्ही अंघोळ करता का, हे मी दाराआडून बघत होते. तुम्ही रोजच्यासारखे पाय धुतले आणि पोथी उघडून बसलात. ते पाणी तसंच निवून गेलं.

हे सगळं मी विसरले, दादा.

नात सहा वर्षांची आहे. पुड्यातलं खाणार आणि भाजी बघितली की तोंड फिरवणार. म्हणून मी गल्लीतली पोरं गोळा केली, फुटक्या घमेल्यांत आणि जुन्या टपांत माती भरली, ज्याला त्याला मूठभर मेथी पेरायला दिली. इथपर्यंत तुमचंच होतं. पण मेथी उगवायला दिवस लागतात आणि मला तेवढा दम नाही. मग मी एक ओळ बसवली: भाजी खाल्ली की देव हसतो, अंडं-मटण खाल्लं की देव रुसतो. पोरं ती तालात म्हणायला लागली. ओसरीवर मी भाजी वाढली की ताटल्या चाटूनपुसून साफ व्हायच्या. मॅट्रिक होऊन घरात बसले, नाहीतर चांगली मास्तरीण झाले असते, असंही मनात येऊन गेलं.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी मी पूजेची मांडणी करत होते, तेव्हा त्या पोरांतल्या एकीची आई पायरीशी येऊन उभी राहिली. कापूस वेचायला निघालेली, कंबरेला ओटी बांधलेली.

"काकू, तुमचा देव आमच्या लेकरावर कामून रुसलाय? आमी तर त्याच्या वाटंलाबी जात न्हाई."

"काय झालं गं?"

"शाळेत अंडं दिलं की खिशात घालून आणती अन् कुत्र्याला टाकती. काल दोन चापटा दिल्या तवा बोलली. म्हणे मी अंडं खाल्लं म्हणून देव रुसला, म्हणून पप्पा दिवाळीला आला न्हाई."

तिचा नवरा पुण्याला कंपनीत आहे. त्याला सुट्टी मिळाली नव्हती, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्या लेकराला तेवढं पटलं नव्हतं.

"तिला काय खाऊ घालायचं ते आमी बघू," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पण बापाचं खूळ तुमी घातलंय तिच्या डोक्यात. तेवढं तुमीच काढून द्या."

तीन दिवस मी टाळलं. घातलेलं काढायचं कसं, ते मला येत नव्हतं. ती पोर ओसरीवर यायची बंद झाली. तिच्या घमेल्यातली मेथी दोन पानांवर आली होती, नात तिला रोज पाणी घालायची आणि माझ्याकडे बघायची. तेव्हा मला तो ओढा आठवला.

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेच्या आत नातीचा हात धरून मी त्यांच्या अंगणात जाऊन बसले. म्हटलं, "भूक लागलीय गं, भाकर घाल."

पोरीची आई दारात आली. "आमच्याकडचं चालतं का, काकू? तवा एकच हाय आमचा, सगळं त्याच्यावरच."

"चालतं."

"बघा बरं. उद्या काका मलाच बोलतेन. म्हणून साक्षीला नात आणली व्हय?" आणि हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

तिनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मी मोडून अर्धी नातीला दिली. पोरगी दाराआड उभी होती. तिला म्हटलं, "देव रुसत न्हाई, बाई. ते मी खोटं सांगितलं होतं."

ती दाराआडूनच म्हणाली, "अन् हसतो ते?"

"ते मला नक्की माहीत न्हाई."

"मग पप्पा?"

चुलीपुढून तिची आई म्हणाली, "सुट्टी न्हाई भेटली त्याला. संक्रांतीला येतो म्हणलाय." हे तिनं आधीही सांगितलं असणार. पण या वेळी पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मान हलवली, तेव्हा ती बाहेर आली आणि माझ्या ताटलीतला तुकडा उचलून चटणीला लावला.

आज ती ओसरीवर आहे, माझ्या नातीला दटावते आहे, "बूड हलवू नको म्हणलं ना." शाळेत अंडं खाते का, मी विचारत नाही. माझी भाजी मात्र दोनदा मागून घेते.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक लिहून ठेवते. नाहीतर तुम्हाला वाटेल, पोरगी आपल्यावर गेली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी पाणी तापवलं आणि डोक्यावरून अंघोळ केली. मग देवापुढे दिवा लावला. न्हाणीतून निघाले तेव्हा बाहेर नात उभी होती. म्हणाली, "आजी, आता कामून अंघोळ केली?"

मी म्हणाले, "उकडायलंय."

तिच्या अंगात स्वेटर होता, दादा. ती नुसती दाराआडून बघत होती.