चार बोटं खुंट

३ मार्च १९५९
माझ्या हातचं: मोट रिती होते ते विहिरीचं थारोळं, पाट, गाईचा कोठा, गव्हाण, इळ्याची मूठ. अन् मेथीसारख्या दिसणाऱ्या लसूणघासाचे सहा वाफे. पेरला तेव्हा सारा तांडा हसला. "मेथी काय ढोरायले पेरते कोणी?" आज तांड्यात हिरवं तेवढंच. कडबा संपला, कुटार तळाला.
गाय कस्तुरी गाभण. बापाच्या लदेणीच्या बैलांच्या रक्तातली शेवटची. मिठाच्या गोण्या वाहणारे ते बैल मी लहानपणी पाहिलेत. हिच्यामागं कोणी नाही.

९ मार्च
सौ.ला पुन्हा बजावलं. कळी धरेपर्यंत इळा लावायचा नाही. कापताना चार बोटं खुंट ठेवायचा. हा घास आधी मुळात साठवतो, मग वर फुटतो. साठवूच दिलं नाही तर फुटेल कशाच्या जोरावर? मला हे कोणी शिकवलं नाही. दोन वर्षं एकेक वाफा वेगळा कापून पाहिला.
ती म्हणाली, "पाहा तुमी कळीची वाट. गाय मेली का थेच फुलं वाहा तिच्यावर."

१४ मार्च
क. रिकामी गव्हाण चाटते. कळी नाही.

१५ मार्च
मारेगावच्या बाजारात कडब्यासाठी गेलतो. मिळाला नाही. परत येतो तर सहाही वाफे भुईसपाट. ज्वारी कापावी तसे, इळा मातीला घासून. खुंट सोडला म्हणजे चारा वाया, हे तिच्या हातात जन्माचं बसलेलं. बुडख्यावरचे बारीक कोंबसुद्धा गेले.
"काहून व?"
"हंबरून राह्यली होती थे. मले ऐकवलं नाही."
क. पोट भरून बसली होती. रवंथ चालू.

२४ मार्च
पाणी देतो आहे. मोट अर्धीच भरते. दोन वाफ्यांत पिवळट काड्या. बाकी चार... एक रोप उपटून पाहिलं. मूळ चिंबलेलं, बोटानं दाबलं तर दबतं. चारही वाफे गेले.

२९ मार्च
क. आपणहून उठत नाही. पोटाखालून पोतं घालून दोघांनी उभी केली. सौ. बाभळीच्या शेंगा झोडून आणते, हात काट्यांनी फाटले.

२ एप्रिल
पाटाजवळच्या वाफ्यात कोंब! हिरवे. सौ. इळा घेऊन तिथं उभी. मी लांबून पाहून राह्यलो. वाकली, कोंबाला बोटं लावली. तीनच भरली असतील. इळा कुडात खोचला अन् रिकामी परत आली. कोठ्यात क. हंबरत होती.

४ एप्रिल
राजूरचा गवळी आला, खाणीवर दूध घालतो तो. क.च्या पोटावर हात ठेवला. "वासरू जित्तं आहे भाऊ. माह्यापाशी ढेप आहे, कडबा आहे. वाचवतो तिले. तुमच्यापाशी काय आहे?"
"गोऱ्हा झाला तर?"
"गोऱ्हा कायले ठेवू? दूध देते काय थो?"
सौ. माझ्याकडं पाहत होती. हो म्हणा, असं की नको, कळलं नाही. अजून कळलं नाही.
कापणं लांबच, कोंबांना चौथं बोटही यायचं आहे. मी नाही म्हणालो. एकशे साठ रुपये देत होता, रोख.