घरासमोर थांबा

सोमवार, ४ मार्च
आलं— विटा दोन हजार, अठरा हजारांच्या. सिमेंट दहा गोण्या, चार हजार. वाळू अर्धा ट्रक, सहा हजार. आणि नगरपालिकेचा कागद— आला फुकट, पण सगळ्यांत महाग! नव्या बांधकामावर विकास शुल्क, बावीस हजार. त्यातून म्हणे बस सुरू करणार.

मागची खोली अक्कासाठी बांधतोय. माझी थोरली बहीण. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एकटी. तिचे गुडघे गेलेत आणि रिक्षाचं भाडं मला सोसत नाही. वर्षातून दोनदा भेट, तीही घाईची.

हे गरजले, "खोली आपण बांधायची आणि फिरायचं गावाने?"
म्हटलं, "गावात आपण येत नाही वाटतं?"

बुधवार, ६ मार्च
शुल्क भरलं. फरशी गेली त्यात. आता साधा कोबा. असो, देव काही फरशी बघून घरात येत नाही.

शुक्रवार, १५ मार्च
हसून हसून पोट दुखलं! सकाळी नगरपालिकेचा दुसरा कागद. सरकारी कागदाची पहिली ओळ वाचली की ह्यांचा रक्तदाब चढतो. पुढे वाचतच नाहीत. पहिली ओळ— 'विषय : आपल्या घरासमोर थांबा.'

लगेच मागच्या दारी आरडाओरडा. "ओ मिस्त्री, थांबा!"
"कुठे थांबू?"
"घरासमोर! तसंच लिहिलंय!"

मिस्त्री बिचारा थापी घेऊन पुढच्या पायरीवर बसला तो दुपारपर्यंत. हे येरझाऱ्या घालतायत— शुल्क भरूनही काम बंद पाडलं म्हणून. मी बाजारातून आले, चष्मा लावला, खालचंही वाचलं. बसचा थांबा! पहिल्या तारखेपासून बस, अक्काच्या गल्लीतून निघून थेट आमच्या दारात!

मिस्त्री म्हणाला, "म्हणजे वहिनी, मी इतका वेळ बसची वाट बघत होतो म्हणा की!"

मजुरी पूर्ण दिली. ह्यांच्या पानतंबाखूतून वळती करणार आहे.

मंगळवार, १९ मार्च
अक्काला ऐकू कमी येतं. फोनवर नुसतं भांडण होतं. म्हणून बसचं पत्रानेच कळवलं होतं. आज तिचं उत्तर— "दारातून बस सुटणार, तर मी माझं घर कशाला सोडू? तुझ्या नवऱ्याचा खोकला रात्रभर ऐकायला?"

वाचून आधी रडूच आलं. एवढी खोली बांधली! हे मात्र खूश— "थांब्याजवळची खोली! भाडेकरू रांग लावतील." मी उठले. देवापुढे बसले बराच वेळ.

बुधवार, २० मार्च
लग्नानंतर एक रात्र घराबाहेर काढली नाही मी. ह्यांना विचारलं नाही, सांगितलं. विचारलं ते एवढंच— वरणभात तरी येतो का? "भात येतो," म्हणाले.

अक्काला लिहिलं— 'तू येऊ नकोस. पहिल्या तारखेच्या पहिल्या बसने मीच येते, आठ दिवस राहायला. खाट एक आहे की दोन, उलट टपाली कळव.'