गेममधली झाडं आणि मोडलेली सोयरीक

सुरत, मार्च १९९८

तीर्थस्वरूप गिरधरभाऊंना,

धाकट्या वनाचा दंडवत. वहिनी बऱ्या असतील, तुमचा गुडघा वाकत असेल आणि रावेरात यंदा केळीवर करपा नसेल, असं धरून चालतो. मी मजेत आहे (म्हणजे जिवंत आहे).

सुगंधाचे वडील तोतारामआबा केळीच्या ट्रकमधून माझी नोकरी बघायला आले आणि सोयरीक मोडून गेले, हे कळलंच असेल. का मोडली ते त्यांनी वाकडंच सांगितलं असणार, म्हणून लिहितो. आमच्या मगनशेठच्या दुकानात पोरं तासावर पैसे देऊन कॉम्प्युटरवर गाड्यांची गेम खेळतात. कॉम्प्युटर कुठल्याशा कचेरीने भंगारात काढलेले. त्यांच्यावर नवी गेम टाकली की गाडी नांगरटीतून बैलगाडी जावी तशी हिसके देते आणि गिऱ्हाईक टेबलावर बुक्की मारून उठतं. म्हणून माझं काम हे, की सेटिंगमध्ये शिरून जड जड वस्तू बंद करायच्या. (चौथीत शाळा सोडलेल्याला शेठ इंजिनेर म्हणतो, पगार मात्र चौथीचाच देतो.) आधी सावल्या काढल्या, मग धुकं, ढग. चित्र आखडून पोस्टकार्डाएवढं केलं. तरी अडखळली, तेव्हा रस्त्याकडेची माणसं काढली आणि शेवटी झाडं. मग कुठे गाडी सुरळीत पळाली.

आबा आले त्या दिवशी शेठला हौस आली. पाहुण्याला सगळं चालू करून दाखव म्हणे. दाखवलं. चित्र असं देखणं, की आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पण गाडी जरा सरकायची आणि उभी राहायची. बटणं दाबून दाबून आबांना घाम फुटला. "काय रे बापा, याच्यापेक्षा तं माहा ट्रॅक्टर बरा!" माझी लाज गेली. घाईघाईने सगळं बंद करून गेम पुन्हा लावली. गाडी सुसाट! आबा मात्र रस्ता सोडून दोन्हीकडे बघत बसले.

"झाडं कुठी गेले?"

मी छाती काढून सांगितलं, मीच काढली.

"आन् मानसं?"

तीही मीच.

जन्मभर केळीची बाग राखलेल्या माणसाला आपण काय सांगून बसलो, हे ते दाराशी गेल्यावर मला उमगलं. तिथून म्हणाले, "गाडी पयावी म्हनून जो बठ्ठं उजाड करतो, त्याच्या घरी माही पोरगी नको." शेठ हसला, गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार?

बरंच झालं म्हणा. मला लग्न करायचंच नव्हतं. एका खोलीत आम्ही चौघं कुशीवर झोपतो (उताणं झोपायला जागा नाही), तिथे बायको कुठे ठेवली असती? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी तर विसरलोसुद्धा.

तुमचा,
वना

ता.क. – केळीचे घड ट्रकात भरायला माणूस लागत असेल तर कळवा. माझ्यासाठी नाही, सहज विचारलं.

ता.क. आणखी एक – बघायच्या दिवशी सुगंधाने मला एवढंच विचारलं होतं, की ती गेममधली गाडी मलाही चालवायला द्याल का? मी हो म्हटलं होतं. आबांचं सांगून झालं, पण तिला कुणी विचारलं का? वहिनींना म्हणावं, बाजारात गाठून तेवढं विचारा. नाही म्हणाली तर उत्तर पाठवू नका, मी समजून घेईन. हो म्हणाली तर तार करा.