अळी काय करून राह्यली?

३ नोव्हेंबर २०२५

चालला! स्लायडर चालला एकदाचा!

बोटानं सरकवलं की दिवस बदलतो, स्क्रीनवरची अळी मोठी होत जाते आणि बाजूला उमटतं — आज तुतीचा पाला किती वेळा, कोवळा का जून, कधी पाला बंद करून चुना भुरकवायचा. रेशीम करणाऱ्या नव्या शेतकऱ्यासाठीची आमची साईट. चार आठवडे डोस्कं फुटायची वेळ आल्ती. आज आमच्या गाईड अरुंधती मॅडमनी स्वतः तीनदा सरकवून बघितलं. तीनदा!

जालन्याच्या कॉलेजात आमची टीम तीन जणांची. केदारचं डिझाईन, कल्याणीचा मजकूर, आणि माझ्या नावापुढं — इंटरॅक्टिव्ह मीडिया डेव्हलपर. आईला फोनवर सांगितलं तर म्हणली, "म्हंजी करतीस काय?" म्हणलं, बोट लावलं की जे हलतं ना, ते मी हलवते. "बरं," म्हणली आणि अळ्यांना पाला टाकायला निघून गेली.

१६ फेब्रुवारीला विद्यापीठाची स्पर्धा. शंभरातले चाळीस गुण वापराचे. लोक खरंच किती वेळा साईट उघडतात, ते मोजणार. मला पहिलंच यायचंय. दुसरं बिलकुल नको.

७ नोव्हेंबर

एकतीस जणांनी साईटवर नंबर नोंदवला! केदारनं सगळ्यांना कचोरी चारली. स्वतःहून. तारीख लिहून ठेवते.

२७ नोव्हेंबर

आज एक फोन आला.

मंठ्याच्या पुढच्या गावातली दैवशाला नावाची मुलगी. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. लग्न होऊन दोन वर्षं, सासऱ्याच्या मागं लागून एकरभर तुती लावली, पहिल्यांदाच अळ्या आणल्या. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"ताई, तुमच्या साईटनं सांगितलं पाला बंद करा. मी केला. अळ्या मान हलवू हलवू पाला हुडकत व्हत्या. मला बघवंना. पण तिथं लाल अक्षरात लिहिलं व्हतं ना, पाला टाकू नका म्हणून. चार दिवसांनी पुन्हा तेच सांगितलं. मी पुन्हा बंद केला."

शंभर अंडीपुंजांत, म्हणजे शंभर पतंगांच्या अंड्यांत, माझ्या आईला सत्तर किलो कोष निघतात. हिला एकवीस. तेही पातळ. सासरे म्हणून राह्यले, तुती उपटा.

मी विचारलं, पहिला दिवस कोणता धरला? "कोणता म्हंजी? अळ्या घरी आणल्या तो. मंग दुसरा कोणता?"

ओ माय! अळ्या घरी येतात त्या चॉकी सेंटरवरून. तिथं त्यांना अंड्यातून निघाल्यापासून आठ दिवस वाढवलेलं असतं. माझा तक्ता अंड्यापासून मोजतो. तिनं सातवा दिवस लावला तेव्हा अळी पंधरा दिवसांची होती, खायच्या भरात. आणि माझी साईट सांगून राह्यली की अळी कात टाकायला बसली, पाला बंद!

आमच्या घरीबी आणल्या दिवसापासूनच मोजतात की! आई भिंतीवर खडूनं तारीख लिहिते, लहानपणापासून बघून राह्यले मी. आणि पुस्तकातला तक्ता दिसला तर तो डोळे झाकून उतरवला. तुतीच्या घरची पोर म्हणे! लाज वाटते मला माझी. लई वाटते.

२८ नोव्हेंबर

सकाळी उठल्या उठल्या साईट बंद केली. कुणाला विचारलं न्हाई.

केदार तणतणत आला. "न विचारता बंद केलीस? खाली टीप आहे ना, दिवस अंड्यातून बाहेर आल्यापासून मोजावा! कोणी वाचत नसेल तर तो आपला दोष आहे का?"

ती टीप मीच लिहिलेली. करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणलं, "लाल अक्षर वाचलं की तिनं! लाल अक्षर ऐकून तिनं अळ्या उपाशी ठेवल्या!" एवढ्यानं ओरडले की बाजूच्या लॅबमधून लोक बघायला आले.

कल्याणी म्हणली, "अगं, सगळीकडे आठ मिळव, झालं. पाच मिनिटांचं काम." तसंच करावं वाटलं मलाबी.

पण आधी नंबर नोंदवलेल्या एकतीसच्या एकतीस जणांना फोन लावले. बहुतेक जुने निघाले, साईट गंमत म्हणून बघणारे. नव्या तिघीच. दैवशाला सोडून बाकी दोघींच्या अळ्या अजून यायच्या आहेत. वाचल्या.

मॅडम म्हणल्या, "बंद ठेव. पण पुन्हा कधी उघडायची, ते तूच सांगायचं."

३० नोव्हेंबर, घरी

जाफराबादहून जीपनं घरी पोचले आणि दारातच आईला सगळं सांगून टाकलं. तिनं हाताला धरून शेडमध्ये नेलं.

"बघ."

सगळ्या अळ्या डोकं वर करून थांबलेल्या. हलणं न्हाई, डुलणं न्हाई. अंगाची कातडी ताणलेली, चकचकीत.

"ह्या कात टाकायला बसल्या. आता पाला टाकला तर वाया जाईल, वर ओल धरून रोग यील. पर हे मला काय तारखंनं सांगितलं का? नंदे, अळीला तारीख कळती का गं? थंडी पडली की दीड-दीड दिवस मागं पडती. उन्हाळ्यात पुढं पळती. तिच्याकडं बघायचं. तीच सांगती."

म्हणजे आठ मिळवूनबी चूकच राह्यली असती. स्लायडरच चुकीचा. माझा लाडका स्लायडर!

जेवताना आई म्हणली, "त्या पोरीकडं कधी जायचं?" मी म्हणलं, पाल्याचं काय? "तुझा बाप टाकंल की. त्याचे काय हात मोडले का?" बाबा मान खाली घालून भाकरी खात राह्यले.

२ डिसेंबर

जाऊन आलो. मंठ्यापर्यंत एसटी, पुढं जीप. बसल्या बसल्या वाक्यं पाठ करून राह्यले होते, दारात गेले तर एक आठवेना.

सासरे बद्रीनाथ आबा बाजेवर बसलेले. "तुम्हीच का त्या मोबाईलवाल्या?"

म्हणलं, "हो आबा. चूक माझी आहे. दैवशालाताईंची न्हाई. त्यांनी मी सांगितलं तेच केलं."

"चुकलं म्हणल्यानं अळ्या जित्त्या व्हत्यात का?"

दैवशालानं आतून पोतं आणलं, एक कोष काढून माझ्या हातावर ठेवला. दोन बोटांत धरला तर चेपला. आईचे कोष दगडावाणी असतात. तो कोष मी परत ठेवला न्हाई, पिशवीत टाकून आणला.

तोवर आई तुतीत फिरून आली. "आबा, तुती गुणाची हाय. पानाला हात लावला का तुम्ही? उपटायची तर उपटा, तुमची जिमीन. पर आज उपटली काय आन् फेब्रुवारीत उपटली काय. मुळं काय पळून चालली का?"

आबा हसले न्हाईत. "एक खेप. एकच. तीबी हिच्यासाठी." सुनेकडं बघून म्हणले. आजच छाटणी केली की पाला जानेवारीत हाताशी येतो, आईनं तिथंच सांगून टाकलं.

निघताना दैवशाला जीपपर्यंत आली. "ताई, पुन्हा चुकलं तर?"

"चुकणार न्हाई," म्हणून बसले मी. जीप सुटली तेव्हा लक्षात आलं, काय बोलून बसले ते. आता चुकून चालणार न्हाई. बस्स.

११ डिसेंबर

स्लायडर काढून टाकला. दिवस काढले, तारीख काढली, सगळा तक्ता उडवला.

आता साईट उघडली की एकच प्रश्न — अळी काय करून राह्यली? खाली चार छोटे व्हिडिओ. पाला खाऊन राह्यली. डोकं वर करून थांबली. मान हलवून पाला हुडकून राह्यली. पिवळी पडून वर चढून राह्यली. तुमच्या रॅकवर जे दिसतं त्याच्यावर बोट ठेवा, मंग आवाज सांगेल काय करायचं. वाचायचं कामच न्हाई.

केदारनं स्क्रीन वरखाली सरकवली. "दोन महिने मी ते डिझाईन केलं, नंदिनी. तो आलेख, ते रंग. तू सगळं फेकून दिलंस." म्हणलं, हो. बॅग उचलून निघून गेला. वाईट वाटलं. पण परत लावणार न्हाई म्हणजे न्हाई.

१४ डिसेंबर, घरी

केदार आला! जालन्याहून गाडी चालवत, थंडीत नाक लाल करून. कॅमेरा गळ्यात. "तुझे ते मोबाईलवरचे व्हिडिओ अंधारे आहेत," एवढंच म्हणला.

आई म्हणली, "बाळा, चप्पल बाहेर. हात धू. मंग आत." गुपचूप धुतले. शेडमध्ये गेला आणि दारातच थांबला. हजारो अळ्या एकदम पाला कुरतडून राह्यल्या होत्या, त्यांचा चरचर आवाज. "हा आवाज यांचा? खाण्याचा?" दोन महिने अळीसाठी डिझाईन केलं ह्या माणसानं, अळी आज बघितली!

चार तास व्हिडिओ काढले. मधेच आईनं त्याच्या हातात पाल्याची टोपली दिली आणि दोन रॅक टाकून घेतले. कात टाकणाऱ्या अळ्यांचं मी मागच्या खेपेला काढलेलं होतं, तेही त्यानं उजळून दिलं.

जाताना म्हणला, "आलेख बघून कोणाला हे कळलं नसतं." माफी म्हणायची का ही? मी तरी धरली.

२९ डिसेंबर

साईटसाठी आईचा आवाज भरला. बारा वेळा! दरवेळी शेवटी विचारते, "झालं का गं?" तेराव्यांदाबी विचारलंच. तसंच राहू दिलं. चुना भुरकवायचं सांगून झालं की साईट म्हणते, झालं का गं?

६ जानेवारी २०२६

मॅडमना सांगितलं, आता उघडा. कल्याणी कोष बाजारात दिवसभर उभी राहून बायांना दाखवत होती. घसा बसला बिचारीचा.

२२ जानेवारी

दैवशालाच्या अळ्या आल्या. शंभर अंडीपुंज. देवा, सांभाळ.

२६ जानेवारी

ती दिवसातून अकरा-अकरा वेळा उघडून राह्यली! नोंदीत नंबर दिसतो. एकूण रोज दीडशेच्या वर. केदार आकडे बघून बाकावर तबला वाजवून राह्यला. "चाळीसपैकी चाळीस!"

५ फेब्रुवारी

आकडा पडला. दीडशेचे नव्वद, नव्वदचे अडतीस.

केदारनं संदेश लिहून ठेवला — रोज सकाळी सगळ्यांना जाणार, "आज अळी पाहिलीत का? साईट उघडा." कल्याणीला पटलं. मॅडमही म्हणल्या, परीक्षक आकडाच बघतात. बटण लावायचं काम माझं.

मला घोर आकड्याचा न्हाई. दैवशालानं ३१ जानेवारीनंतर एकदाबी उघडलं न्हाई. सहा वेळा फोन केला. नुसता वाजतो.

७ फेब्रुवारी

आजही फोन न्हाई. अळ्या मेल्या असतील. आबांनी फेकून दिल्या असतील. मी सांगितलेलं पुन्हा चुकलं असेल आणि ती आता माझं तोंडबी बघणार न्हाई.

केदार म्हणला, "संदेश उद्यापासून गेला तरच आकडा वर येईल." म्हणलं, सोमवारी मंठ्याला जाऊन येते. तोवर कशालाही हात लावणार न्हाई. काय व्हायचं ते होऊ दे, डोळ्यांनी बघून येते.

९ फेब्रुवारी, मंठा स्टँड

दैवशालाचा फोन घरात, चार्जिंगला. ती शेडमध्ये, हात कोपरापर्यंत हिरवे. अळ्या बोटाएवढ्या! "साईट? न्हाई बाई उघडली. कशाला उघडू, दिसतंय की! ह्या वरच्या उद्या सकाळी पिकतील, कोष करायला चढतील, खालच्या परवा." आबा मागं पाल्याचा भारा घेऊन उभे. म्हणले, "सरक पोरी, वाटंत नको."

केदारला फोन केला. संदेश पाठवायचा न्हाई. आकडा उतरू दे. "परीक्षकांनी विचारलं तर काय सांगू?" म्हणला.

म्हणलं, सांग की बाया शिकल्या.