मोटर लावण्याआधी हे वाचा

आबा,

मी आणि आई सकाळच्या गाडीने जळगावला गेलो आहोत. शाळेचा दाखला कपाटातून मीच घेतलाय, तो शोधायला घर उलटंपालटं करू नका. तुम्ही जामनेरच्या कॉलेजात माझं नाव बी.ए.ला घालणार होता, पण आयटीआयला इलेक्ट्रिशियनसाठी माझा नंबर लागलाय. आज प्रवेश घेतेय. आईला बोल लावू नका, ती फक्त सहीला आली आहे.

भाकरी आणि शेवभाजी झाकून ठेवली आहे.

आता खरं सांगते. आखाजीच्या सणाला आपली विहिरीवरची मोटर जळली होती, आठवतं? तेव्हा मी मावशीकडे झोके खेळायला गेलेच नव्हते. चिंधानाना मिस्तरींच्या दुकानात दोन दिवस तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसले होते. ती मोटर मी भरली आहे, आबा. नाना नुसते स्टुलावर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, तुना हात मना हातपेक्षा साफ शे." तुम्ही मात्र गावभर नानांचं कौतुक करत फिरलात.

पाऊस दडी मारून बसलाय. बाराला वीज येईल. पोरीने भरलेली मोटर तुम्हाला चालत नसेल, तर बटण दाबू नका.

संध्याकाळी फाट्यावर उतरलो की आधी आपली केळीची बाग लागते. बुडं ओली दिसली तर पेढे घेऊनच घरी येईन. कोरडी दिसली तर आधी मोटर लावीन आणि मग तुमची बोलणी खायला येईन.

ज्योत्स्ना