मुलीच्या हाताच्या नोंदीतील गोटा वगळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
अपंग बालक उपचार केंद्र, नागपूर

विषय: माझी मुलगी मीना हिच्या केसपेपरवरील ‘दगडाचा मार’ ही नोंद खोडून तिच्या हाताची तपासणी करणेबाबत.
संदर्भ: खिडकी क्र. २ वरील तोंडी सूचना, वेळोवेळी.

महोदय,

विनंती अर्ज सादर करते की, मी पांढुर्णा (म.प्र.) येथील रहिवासी असून माझी मुलगी पाच महिन्यांची आहे. तिगावला माहेरी बाळंतपणात तिचा खांदा अडकला व मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतू ताणले गेले. उजवा हात तेव्हापासून लोंबतो. सौंसरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आपल्याकडे पाठविले.

१. आम्हाला मिळालेली तारीख नेमकी गोटमारीनंतरची निघाली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावी नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होते, हे आपणास ठाऊक असेलच. गाडीभर डोकी फुटलेली माणसे, त्यांत मी. खिडकीवरील गृहस्थांनी गावाचे नाव ऐकले आणि चिठ्ठी न उघडता मार लिहून टाकला. हरकत घेतली तर म्हणाले, “पांढुर्ण्याचे सगळे असंच सांगतात बाई, पायरीवरून पडलो म्हणून.”

२. त्यामुळे पोलीस केस झाली. हाड मोडल्याचे समजून हात छातीशी बांधून दिला. पोलिसांचा कागद व मारलेली वस्तू आणल्याशिवाय पुढील तपासणी नाही, असे कळविले. ठाण्यातील मुन्शीजी म्हणतात, “पाळण्यातलं लेकरू गोटमारीत गेलं होतं का? फेकनारा कोन ते सांगा, मंग लिहितो.” त्यांचे बरोबर आहे.

३. शेजारचे कवडूभाऊ म्हणाले, “माहं नाव टाका वहिनी. इतके गोटे फेकले, एखादा इकडं आला असन.” सासूबाई म्हणतात, “हो म्हन वं, काम तर होऊन जाईल. तू साऱ्या जगाले शिकवून राहिली.” परंतु मी हो म्हटले तर हाड मोडल्याचेच ठरेल आणि हात बांधलेलाच राहील.

४. मी प्राणिशास्त्राची पदवीधर आहे. कोंबडीच्या अंड्यातील गर्भ आम्हाला वर्गात दाखविला होता. वाढत्या मज्जातंतूच्या टोकाला बारीक बोटे असतात. ते टोक चाचपडत निघते. वाटेवरच्या पेशी रासायनिक खुणा करतात, काही बोलावतात, काही अडवतात. आणि स्नायूने सोडलेले द्रव्य ज्याला मिळते तोच तंतू जगतो. दुखावलेला तंतूही अशाच खुणांवरून परत निघतो, दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. तो वेळेत पोहोचला नाही तर स्नायू वाळतो. महोदय, मीनाच्या हातात ते टोक आता कुठवर आले, की वाटेतच अडले, हे आपले मज्जातंतू तपासण्याचे यंत्रच सांगू शकते. मला बाहेरून काहीच दिसत नाही. मी नुसती बघत बसते.

५. पट्टी सोडल्यास केंद्राची जबाबदारी नाही, असा केसपेपरवर शिक्का आहे. सौंसरचे डॉक्टर सांगतात, हात हलवत ठेवा. म्हणून मी दार लावून पट्टी सोडते, कोपर वाकवते आणि पुन्हा तशीच बांधते. हे लपविण्याची माझी इच्छा नाही.

तरी नोंद खोडावी. नियमाने ती खोडता येत नसेल, तर केस सोबतच्या गोट्यावर चालू ठेवावी आणि मुलीला आत घ्यावे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून असलेली,
सौ. रजनी मुकुंद कळंबे
पांढुर्णा, दि. ५ ऑक्टोबर १९८७

सोबत:
१) सौंसरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, अद्याप बंद.
२) गोटा, नग एक. कवडूभाऊंनी नदीतून आणून दिला. तो मीनाला लागलेला नाही.